झेंडूचे काळे हार

परवा नातीनं मला मोटारी बघायला नेलं. हल्लीच्या नव्हेत, जुन्या. काही हौशी माणसांनी त्या अजून जपून ठेवल्या आहेत आणि वर्षातून एकदा सगळ्या एका मैदानात आणून उभ्या करतात. नातीला फोटो काढायचा नाद. गळ्यात कॅमेरा अडकवून सकाळीच दारात हजर. "आजी, तुझे पाय दुखतील हं," म्हणाली. म्हटलं, "पाय माझे आहेत, तू कशाला कण्हतीस? चल."

मैदानात शिरले आणि आधी वास आला. पेट्रोलचा, जुन्या कातड्याचा, उन्हात तापलेल्या रबराचा. डोळ्यांनी हल्ली दगा दिलाय, पण नाक अजून शाबूत आहे. मोटारी रांगेत उभ्या होत्या. पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं, मागं घडी घालून टाकलेले टप. तरुण पोरं-पोरी भोवती फिरत होती, कुणी उकिडवं बसून चाकाचा फोटो घेतंय, कुणी वाकून दिव्याचा. मालक मंडळी हातात फडकं घेऊन उभी, कुणाच्या बोटाचा ठसा उमटला की लगेच पुसायला. पुसू देत. मोटारीवर जीव असावा तर असाच असावा.

एका लाल मोटारीपुढं मी थांबले. तिच्या नाकाडावर मालकानं झेंडूचा भलाथोरला हार घातला होता. नात कॅमेरा डोळ्याला लावून म्हणाली, "आजी, लालवर हा पिवळा काय उठून येईल बघ!"

मी जी हसायला लागले ती हसतच सुटले. माणसं वळून बघायला लागली. नात घाबरली, म्हणाली, "अगं, काय झालं?" काय झालं ते उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. ह्याच लालवरच्या ह्याच पिवळ्यानं माझं तोंड काळं व्हायची पाळी आणली होती, त्याला आता साठ वर्षं होत आली.

तेव्हा थोरल्या महाराजांचं राज्य होतं. मी सतरा वर्षांची. माहेर गारगोटीकडचं, शेतकऱ्याचं घर. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा फोटो म्हणजे काय हे मला देवाशप्पत माहीत नव्हतं. आमचे हे पुण्याला एका फोटोवाल्याकडं धंदा शिकून आलेले. महाद्वार रोडला एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ, आणि त्याच्या मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. छपराचा एक भाग काचेचा, म्हणजे उजेड यावा. एका खोलीत अंधार, खिडकीला लाल कापड, आणि कुंड्यांतून काचा धुवायची औषधं. त्या औषधांचा वास भातालासुद्धा यायचा. पहिल्या महिन्यात मला जेवण जात नव्हतं. नंतर गारगोटीला गेले तर आईच्या भाताला तो वास नाही म्हणून जेवण जाईना!

तेव्हा फोटो काचेवर निघायचा. काचेवर सगळं उलट, पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं. ती काच कागदावर ठेवून गच्चीत उन्हाला लावायची, की कागदावर सुलट चित्र उतरायचं. त्याच्या आधी काचेवर पेन्सिलीनं डागडुजी करावी लागे, ते काम ह्यांनी मला शिकवलं. खिडकीपाशी उतरतं मेज, त्यात काच बसवायची, खालून आरशानं उजेड वर फेकायचा आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं बारीक बारीक टिपके देत बसायचं. त्या काळी देवीचे वण घरोघरी. निम्म्या कोल्हापूरच्या गालांवरचे वण मी बुजवलेत. रस्त्यानं एखादा बडा असामी मिशीला पीळ देत चालला की मला त्याचे खरे गाल माहीत असायचे आणि हसू यायचं.

आणि मग एक दिवस ह्यांनी मला काळ्या फडक्याखाली घेतलं.

कारण असं की मोठ्या घरांतल्या बायका गोषातल्या. त्यांना परक्या पुरुषापुढं यायला बंदी, मग फोटोवाल्यापुढं कशा बसणार? ह्यांनी विचार केला, घरात दोन हात रिकामे आहेत. मला पेटी शिकवली. आम्ही कॅमेऱ्याला पेटीच म्हणायचो, लाकडी, तीन पायांवर उभी. पहिल्यांदा फडक्याखाली डोकं घातलं तेव्हा स्टुडिओच्या खिडकीतून रस्त्याकडं रोख होता. मागच्या दुधी काचेवर महाद्वार रोड उलटा लटकत होता. एक म्हैस पाय वर करून आभाळातून चालली होती आणि तिच्यामागं गवळी डोक्यावर चालला होता. मी ओरडलेच. हे म्हणाले, "अगं, उलटंच दिसतंय. सवं हुईल."

सवय झाली, पण नवल काही सरलं नाही. लग्न झाल्यापासून मी सगळ्यांना दिसत होते. डोक्यावरचा पदर, चालणं, हसणं, सगळं लोकांच्या नजरेत. त्या फडक्याखाली मात्र मी कुणाला दिसत नव्हते आणि मला सगळे दिसत होते. दुसऱ्या कशातही मला इतकं सुख लागलं नाही. मुलं झाली, नातवंडं झाली, तरी हे खोटं सांगणार नाही.

मोटारींचं वेड तर तेव्हा साऱ्या गावाला. गावात मोटारी होत्याच मुळी हातावर मोजण्याइतक्या. दसऱ्याला चौफाळ्याच्या माळावर स्वारी यायची, हत्ती, घोडे, चोपदार. सोनं लुटून झालं की सरदार-इनामदारांच्या मोटारी एका बाजूला रांगेनं उभ्या राहायच्या आणि सगळी गर्दी तिकडं. आजच्या ह्या मैदानासारखंच की! हे पेटी घेऊन जायचे, मी मागं काचांची पिशवी धरून. खेड्यापाड्यांतनं बैलगाड्या जोडून माणसं यायची. गडमुडशिंगीचे एक म्हातारबा मला अजून आठवतात. बैल विकत घ्यायला आल्यासारखे ते मोटारीभोवती तीनदा फिरले, चाकाचे आरे हलवून बघितले, दिव्यात डोकावले आणि म्हणाले, "खुरं चांगली हायत. पर पावणं, कानामागं भवरा कुठं हाय ते दावा की."

पावणं म्हणजे हुसेनमामू, एका इनामदारांचे ड्रायव्हर. जन्म गेला बग्गी हाकण्यात. त्यांचे वाडवडील त्याच घराण्याच्या पागेवर. मोटार आली तेव्हा इनामदारांनी त्यांनाच मुंबईला धाडून शिकवून आणलं. पण मोटार थांबवताना ते ब्रेक दाबायचे आणि तोंडानं "हो हो हो" म्हणायचेच. उतरले की तिच्या नाकाडावर दोन थापा. म्हणायचे, "वैनी, घोड्याला चाबूक दावला की समजतंय. हिला काय दावायचं? रुसली की रुसली. उनाचं हँडल मारून मारून खांदा उतरतोय माझा." आणि हे सांगताना तोंड असं, की लेकीच्या हुशारीबद्दल सांगताहेत.

ह्याच इनामदारांकडनं खंडेनवमीच्या फोटोचं बोलावणं आलं. त्यांचं नाव सांगत नाही, घराणं अजून आहे. मोटार नवी होती, लालभडक, आणि खंडेनवमीला तलवारी-बंदुकांबरोबर तिचीही पूजा व्हायची होती. पूजेनंतर धाकट्या बाईसाहेबांचा, म्हणजे इनामदारांच्या पत्नीचा, मोटारीत बसून फोटो काढायचा. बाईसाहेब माझ्याच वयाच्या. मोटारीला चारी बाजूंनी पडदे होते आणि त्या पडद्याआडून रंकाळ्यापर्यंत फिरून येणं एवढंच त्यांचं बाहेरचं जग. पुरुष फोटोवाला चालणार नाही, म्हणून मी.

अंगणात चारी बाजूंनी कनात लावलेली. पुरुष सगळे कनातीबाहेर, आमचे हे सुद्धा. हुसेनमामूंनी पहाटेपासून चिंचेनं पितळ घासून काढलं होतं. मोटारीच्या नाकाडावर हार, दोन्ही दिव्यांना हार, टपाला झेंडूचं तोरण, चाकांना कुंकवाची बोटं, चाकांखाली लिंबं. ऊस बांधलेले. उदाचा धूर, फोडलेल्या नारळाचं पाणी, त्यात पेट्रोलचा वास. झेंडू तर असा केशरी की डोळ्यांत भरावा. बाईसाहेब हिरव्या शालूत मोटारीत बसल्या आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. मी फडक्याखाली, त्या हसताहेत म्हणून मलाही हसू. काच हलेल म्हणून श्वास कोंडून धरला. पायरीवर मासाहेब बसल्या होत्या, इनामदारांच्या आई. पांढरं पातळ, पांढरे केस, आणि नजर अशी की चिमणीसुद्धा अंगणात विचारून उतरावी. नुसत्या बघत होत्या, मोटारीकडं नव्हे, माझ्याकडं.

काच धुतली, कागद उन्हात लावला. फोटो सुरेख उतरला. बाईसाहेबांच्या ओठांत दाबलेलं हसूसुद्धा आलं होतं. हे म्हणाले, "हात बसला तुजा." मी दिवसभर हवेत. फोटो पुठ्ठ्यावर चिकटवला आणि कोजागिरीच्या आत वाड्यावर पोचवला.

दुसऱ्याच दिवशी हुसेनमामू जिना चढून आले. हातात फडक्यात गुंडाळलेला आमचाच फोटो. बसा म्हटलं तरी बसेनात.

"मास्तर," ते ह्यांना म्हणाले, "मासाहेब लई भडकल्यात. सणाच्या दिवशी मोटारीला काळं हार कुणी घातलं, म्हणत्यात."

आम्ही दोघं फोटोकडं बघत राहिलो. आणि मग आम्हाला दिसलं. मोटार काळी, चाकांवर कुंकवाच्या जागी काळे डाग, आणि दिव्यांना, टपाला, नाकाडाला काळेकुट्ट हार. मढं न्यायच्या गाडीसारखी दिसत होती ती मोटार, आणि तिच्यात नवी सून हसत बसलेली. आम्हाला दोघांना आधी का दिसलं नाही? रोज बिनरंगी जग बघून बघून आमची नजर मेली होती. लाल रंग काळा येतो हे ठाऊक होतं, रोजच्या कपाळांवरची कुंकवं आम्ही काळी काढत होतो. झेंडू घालून मात्र स्टुडिओत कुणी येत नाही, मोगरा-शेवंती घालून येतात. फुलं जरा गडद आलीत, एवढंच आम्ही म्हणालो होतो.

हुसेनमामू मान खाली घालून पुढचं बोलले. "मासाहेब म्हणत्यात, बाईमाणसानं यंत्राला हात लावला म्हणून हार काळं पडलं. त्या पोरीच्या हातात पुन्यांदा पेटी द्यायची न्हाई. दिली तर सरदारांच्या एकाबी घरातनं तुमाला बोलावणं येनार न्हाई. आन मोटार इकायची म्हणत्यात, अपशकुनी झाली म्हणून." शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फाटला.

हे म्हणाले, "बरं."

एवढंच. बरं! मला आधी कळलंच नाही की कशाला बरं म्हणाले. हुसेनमामू जिना उतरून गेले आणि ह्यांनी पेटीवर काळं फडकं टाकलं, घडी नीट केली, आणि माझ्याकडं बघितलंच नाही. तेव्हा कळलं. माझी पेटी गेली. ते फडकं, ती उलटी म्हैस, तो श्वास कोंडून धरायचा क्षण, सगळं एका 'बरं'मध्ये गेलं.

मी रडले वगैरे नाही. रडणं माझ्या स्वभावात नाही, भांडणं आहे. म्हटलं, "चोर सोडून संन्याशाला फाशी? माझ्या हातानं हार काळं पडलं?"

"तसं न्हाई गं. पर मोठ्या लोकांफुडं बोलायचं कसं?"

"तुमाला काय वाटतंय ते सांगा. माझ्या हातानं पडलं?"

हे फडक्याची घडी पुन्हा नीट करायला लागले. म्हणजे ह्यांच्याही मनात कुठंतरी किडा वळवळत होताच. मी उठले, आमच्याच दारावरचं दसऱ्याचं तोरण ओरबाडून काढलं, जरा सुकलं होतं पण पिवळंधमक होतं, आणि पांढऱ्या भिंतीवर खिळ्याला अडकवलं. पेटीवरचं फडकं ओढून काढलं. "आता तुमी काढा. तुमचा तर पुरुषाचा हात हाय की. पुण्यात शिकल्याला."

चिडून का होईना, काढला त्यांनी. अंधाऱ्या खोलीत गेले. मी दाराबाहेर बसून राहिले. आत पाण्याचा आवाज, कुंडी हलवल्याचा आवाज, मग काहीच नाही. बाहेर आले ते ओली काच हातात धरून. उजेडाला धरली. भिंत नीट उतरली होती, खिळा उतरला होता, आणि तोरणाच्या जागी काच कोरी. म्हणजे कागदावर काळंच येणार. ह्यांनी एकदा काचेकडं बघितलं, एकदा भिंतीवरच्या तोरणाकडं.

"काळंच," म्हणाले. आणि खाली बसले. "माज्या बी हातनं काळंच."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मी 'बरं' म्हणायला नको हुतं," म्हणाले. साठ वर्षांत बायकोला इतकं सांगणारे पुरुष मी फार बघितले नाहीत. राग तिथंच निम्मा उतरला. उरलेला निम्मा मी बरेच दिवस पुरवून वापरला, ते वेगळं.

नात मधेच म्हणाली, "मग आजोबांनी जाऊन सांगितलं ना त्यांना?" आम्ही तेव्हा मैदानाच्या कडेला सावलीत बसलो होतो. पलीकडं कुणीतरी रबरी भोंगा दाबला, पॉंक पॉंक, आणि सगळं मैदान हसलं. तिला म्हटलं, ते निघालेच होते सांगायला. मीच अडवलं. काच घेऊन जाऊन काय सांगणार? कोरी जागा दाखवणार? मोठ्या माणसांना चूक समजावून सांगितली की त्यांचा राग दुप्पट होतो. मासाहेबांना पिवळे हार बघायचे होते. मग पिवळे हार दाखवायला हवे होते.

काचेवर जिथं झेंडू होता तिथं काच कोरी राहिली होती. कोऱ्या काचेतून ऊन आरपार जातं आणि खालचा कागद काळा होतो. तिथं पेन्सिलीचे टिपके भरले की ऊन अडतं आणि कागद उजळ राहतो. वण बुजवायचं तेच काम, फक्त ते दोन-चार टिपक्यांचं असायचं आणि इथं हारच्या हार होते. प्रत्येक फूल, प्रत्येक पाकळी, आणि पाकळ्यांमधली सावली तशीच सोडायची, नाहीतर फुलाचं पिठलं होतं.

बसले. कोजागिरी झाली, चंद्र मी बघितलाच नाही. सकाळी ऊन खिडकीत आलं की मेजापाशी, ऊन गेलं की उठायचं. घरात झेंडू आणून ठेवला होता, एका हातात फूल आणि एका हातात पेन्सिल. पाठ धरली, डोळ्यांतून पाणी गळायचं. एकदा हात घसरला आणि बाईसाहेबांच्या गालावर रेघ ओढली गेली. तेव्हा मात्र रडू आलं. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसून पुन्हा केलं. स्वयंपाक ह्यांनी केला ते दिवस. त्यांची भाकरी त्या हारांपेक्षा काळी होती. "हिच्यावर बी पेन्सिल चालव," म्हणायचे. आम्ही हसत हसत तीच खायचो. त्या दिवसांइतकं आमचं पुढं कधी जमलं नाही.

दिवाळीला चार दिवस असताना कागद उन्हात लावला. काढला तेव्हा मी आधी डोळे मिटून घेतले. हे म्हणाले, "बघ की." बघितलं. झेंडू उजळून निघाला होता. मग पातळ पिवळा रंग घेऊन त्यावर हलकासा हात फिरवला, थोडा केशरी, चाकांवर कुंकवाचा लाल, आणि मोटारीच्या काळ्या अंगावर दिसेल न दिसेल असा तांबूसपणा. हुसेनमामू दुपारी आले होते, वाड्यातनं मोटार बघायला गिऱ्हाईक येणार म्हणून सांगायला. त्यांनी फोटो बघितला आणि फोटोच्याच नाकाडावर दोन बोटं थोपटली.

वाड्यात मी एकटी आत गेले. हे बाहेर देवडीपाशी. मासाहेब पाटावर बसलेल्या, शेजारी बाईसाहेब खाली मान घालून. मी तीन फोटो पुढं ठेवले. आधीचा फोटो, आमच्या तोरणाचा फोटो, आणि हा नवा.

"ह्यो तोरणाचा आमच्या मालकांनी काढलाय," मी म्हटलं. "पुरुषाच्या हातचा. त्यात बी काळंच हाय."

त्यांनी तो बघितला आणि बाजूला ठेवला. नवा फोटो उचलला. हारांवरून बोट फिरवलं.

"हे तू भरलंस?"

"व्हय."

"म्हंजे खोटं."

माझी भीती रागानं पळवून लावली. "खोटं न्हाई, मासाहेब. काचंला पिवळं दिसत न्हाई. मला दिसतंय. दिसलं तेवढंच भरलं. पदरचं एक फूल घातलं न्हाई."

त्यांनी फोटो उजेडाकडं धरला. डोळे बारीक केले. "मग हितं, दिव्यापाशी हार तुटल्यागत का दिसतोय? एवढं सगळं भरलंस, हितलंच राहिलं व्हय?"

"तितं फूल नव्हतंच. बाईसाहेबांनी तोडून घेतलं हुतं. त्यांच्या मुठीत हाय बघा."

मासाहेबांनी फोटो नाकाशी नेला. बाईसाहेबांची मिटलेली मूठ मांडीवर होती, आणि बोटांच्या फटीतून पाकळीचं टोक बाहेर आलं होतं. तेही मी भरलं होतं. मासाहेबांनी सुनेकडं बघितलं. सुनेची हनुवटी छातीला टेकली होती, पण खांदे हलत होते. पुन्हा तेच हसू.

मासाहेब 'आमचं चुकलं' असं म्हणाल्या नाहीत. तशी माणसं तसं म्हणत नसतात. त्यांनी फोटो मांडीवर ठेवला आणि विचारलं, "पेटी आणलीयास?"

"न्हाई."

"मग हात हलवीत कशाला आलीयास? जा, घेऊन ये."

मी देवडीपर्यंत पळत गेले. डोक्यावरचा पदर कुठं आणि मी कुठं. ह्यांना म्हटलं, "पेटी आणा!" हे म्हणाले, "का? काय झालं? इकायची म्हणत्यात?" म्हटलं, "आणा म्हणते न्हवं!" धोतराचा सोगा हातात धरून पळत गेले बिचारे, आणि टांगा करून आले.

नात विचारत होती, ते फोटो आता कुठं आहेत. कुठले असायला? काचा पुढं आम्हीच खरवडून धुतल्या. त्या काळी काच टाकून देत नसत, आमच्या खिडक्यांना त्याच काचा होत्या. पावसाळ्यात पाणी ओघळायचं त्यांच्यावरून, आणि मी उगीच शोधत बसायचे, एखादी पाकळी राहिली आहे का. नव्हती राहिली. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू. पण मोटार मात्र विकली गेली नाही. पुढं किती वर्षं हुसेनमामूंच्या "हो हो हो"वर थांबत राहिली, आणि मी किती घरांच्या कनातींच्या आत गेले त्याची गणती नाही.

त्या दुपारी कनात पुन्हा लागली. लाल मोटार अंगणात मधोमध. मला वाटलं बाईसाहेब बसतील. मासाहेबच उठल्या, पायरी उतरल्या, आणि मोटारीच्या पुढच्या जागेवर जाऊन बसल्या. जन्मात त्यांनी कधी फोटो काढून घेतला नव्हता. बाईसाहेब ताटातनं झेंडूचा हार घेऊन आल्या आणि हार धरून तशाच उभ्या राहिल्या. विधवेला हार कसा घालायचा?

"मला नगं," मासाहेब म्हणाल्या. "तिला घाल. मोटारीला."

बाईसाहेबांनी दिव्याला हार घातला. मला राहवेना. म्हटलं, "मासाहेब, आधीच सांगते, ह्या बारीला बी काळंच येनार."

"येऊ दे की," त्या म्हणाल्या. "तू हायस न्हवं."

मी फडक्याखाली गेले. घाई होती, कारण डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसायला नको होते. दुधी काचेवर लाल मोटार उलटी झाली, आणि मासाहेब आभाळातून खाली लटकत बसल्या, पांढऱ्याशुभ्र. त्यांचं एका जागी बसणं कुठलं व्हायला! मोलकरणीला म्हणाल्या हार सरळ कर, सुनेला म्हणाल्या उन्हात उभी राहू नकोस, मान वळवून कनातीबाहेर हुसेनमामूंना हाक मारली की चाकाखाली लिंबू ठेवलंय का. त्या घरात त्यांना कुणी कधी थांब म्हटलं नव्हतं. इनामदारांनी नाही आणि त्यांच्या वडिलांनीही नाही. मी पदरानं डोळे पुसले आणि फडक्यातून डोकं बाहेर काढलं.

"मासाहेब," मी म्हटलं, "हलू नका."

सगळं अंगण चिडीचूप झालं. कनातीबाहेर आमचे हे खाकरायचेसुद्धा थांबले. मासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले, पाठ ताठ केली, नजर सरळ माझ्या पेटीत घातली, आणि हलल्या नाहीत. मी भिंगावरची टोपी काढली.